सीटमागचं झाकण

फॉल्ट कोड म्हणजे काय, हे मी गेली वीस वर्षं मशीनच्या मालकांना समजावून सांगतो आहे आणि आजवर एकालाही ते पटलेलं नाही. मॉनिटरवर आकडा उमटला की मालक माझ्या खांद्यावरून वाकतो आणि विचारतो, "काय म्हणून राहिली?" जणू मशीन बाजेवर पडलेली म्हातारी आहे आणि मी तिच्या तोंडाशी कान नेला आहे. मी सांगतो, बाबा, हा आकडा एवढंच सांगतो की अमक्या तारेतून यायची ती खबर आली नाही. सेन्सर मेला, तार तुटली, कनेक्टरात पाणी गेलं की उंदरानं कुरतडलं, ते त्याला ठाऊक नसतं. मालक शहाण्यासारखी मान हलवतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "ते ठीक आहे जी, पण चूक कोनाची?"

पूर्वी या प्रश्नाचा मला राग यायचा. आता नुसता थकवा येतो. राग यायलाही अंगात जीव लागतो, आणि माझा जीव मोटरसायकलवर, उन्हात, गुडघ्यांत आणि खांद्यावरच्या पिशवीत वाटला गेला आहे.

गोंदिया वेगळा होऊन जिल्हा अर्धा झाला तेव्हा मी भंडाऱ्यात आयटीआय करत होतो, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिक्षण म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे कचेरी, एवढं पक्कं होतं. वडील कचेरीतच शिपाई होते. त्यांना वाटायचं, पोरगं सरकारी इमारतीतले पंखे नि ट्यूबलाइट सांभाळेल, पाच वाजता घरी येईल. जिल्हा तुटल्यावर ते म्हणाले, "आता अर्ध्या खुर्च्या तिकडं गेल्या, तुझी कोनती उरली?" माझी कुठलीच उरली नव्हती. मी ट्रॅक्टरचे सेल्फ आणि डायनॅमो दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागलो, तिथून ट्रकांकडे गेलो, आणि ट्रकांकडून पोकलेनकडे. कुठल्याही कंपनीची असो, ती मोठी खोदाईची मशीन आमच्याकडे पोकलेनच. नवी कोरी मशीन आमच्या भागात क्वचितच येते. दुसरीकडच्या खाणींत, धरणांवर, रस्त्यांवर तिचा जन्म निम्मा सरतो, मग ती रंग मारून इकडे येते. पोटात तीन-चार मिस्त्र्यांचे जुगाड असतात. कुठे लाल तारेला पिवळी जोडलेली, कुठे फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा. त्या पोटात हात घालणं हा माझा धंदा.

मला सांगायचं आहे ते दिघोरीच्या मशीनचं.

तिचा मालक धान पिकवणारा शेतकरी. घरी ट्रॅक्टर होता, हार्वेस्टर भाड्यानं आणून फिरवायचा, आणि आता त्यानं आयुष्यातली पहिली पोकलेन घेतली होती, नागपूरच्या बाजूनं, जुनी. जुन्या मालगुजारी तलावांतला गाळ काढायची कामं त्या उन्हाळ्यात निघाली होती. मशीन ट्रेलरवरून उतरली त्या दिवशीच त्यानं मला बोलावलं. कारण असं, की आमच्याकडे जुनी मशीन आणली की पूजेच्या आधी तिच्या मेमरीतले सगळे जुने कोड पुसून घ्यायची रीत पडली आहे. कोणी पाडली कोण जाणे. मागच्या मालकाची पीडा मागच्या मालकाकडे राहावी, पाटी कोरी करून मग नारळ फोडावा, असा हिशेब. मी लाख सांगतो की जुने कोड म्हणजे मशीनचा दवाखान्याचा कागद आहे, तो फाडू नका. पण पाटावर हळदकुंकू तयार असतं, पुरोहित घड्याळ बघत असतो, तिथे माझं कोण ऐकतो.

त्या मशीनमध्ये नऊ कोड निघाले. त्यातला एक पंपाच्या सेन्सरचा होता आणि सात वेळा आलेला होता. त्या सेन्सरची तार केबिनमध्ये, सीटच्या मागे, कंट्रोलरच्या कनेक्टरात येते. कनेक्टरावर प्लॅस्टिकचं झाकण असतं, दोन बोल्टांचं. मी झाकण काढलं, कनेक्टर सोडवला. पिना हिरव्या पडल्या होत्या. स्प्रे मारला, ब्रशनं घासलं, परत बसवला. टॉर्च धरून उभा होता नवा ऑपरेटर.

तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. उंच, हाडकुळा, दारातून आत येताना मान तिरकी करावी लागायची असा. त्याचं गाव दिघोरीहून सायकलच्या अंतरावर होतं. बोलणं कमी, पण टॉर्च कशी धरायची ते त्याला कळत होतं. माझा हात जिकडे जाईल तिकडे उजेड जायचा, सांगावं लागत नव्हतं. हे ज्यानं असं काम केलं आहे त्यालाच समजेल. निम्म्या लोकांना टॉर्च दिली की ते माझ्या तोंडावर मारतात.

खालून मालकाची हाक आली, "मिस्त्री, आटपा! नारळ फोडाचा हाय, वेळ निघून चालली!"

मी बोल्ट पिशवीतल्या पत्र्याच्या डबीत टाकले, झाकण मशीनच्या टूलबॉक्समध्ये सरकवलं आणि उतरायला लागलो.

"भाऊ," ऑपरेटर म्हणाला, "झाकण लावाचं राह्यलं."

"राहू द्या," मी म्हटलं. "जुनी मशीन आहे, मले पंधरा दिवसांत परत खोलावंच लागन. कायले दोनदा मेहनत?"

 त्यानं टॉर्च विझवून माझ्या हातात दिली. मग सीटमागे हात घालून आपल्या चपला काढल्या, पायरीवर बसून घातल्या आणि माझ्या मागे खाली आला. नारळ फुटला, मालकानं बकेटच्या दातांना कुंकू लावलं, सगळ्यांनी साखर खाल्ली. मी घरी परतलो आणि ते झाकण विसरलो.

पंधरा दिवस कुठचे, बाराव्या दिवशी फोन आला. मशीन काम करता करता एकदम ढिली पडते, बकेट अर्ध्यात लटकते, मॉनिटर टुणटुण वाजतो. चावी बंद करून परत चालू केली की तासभर ठीक. मी गेलो. लाखनीपासून आत वळलं की तो रस्ता त्या वर्षी असा होता की पोहोचेपर्यंत माणसाचेच कनेक्टर ढिले व्हायचे. तलाव कोरडा नव्हता. मधल्या खोलगट भागात चिखल होता आणि मशीन त्या चिखलाच्या काठावर उभी होती. मला बघून ऑपरेटरनं मशीन बंद केली, सीटमागे हात घातला, चपला काढल्या, पायरीवर घातल्या आणि खाली उतरून मला जागा करून दिली. मी वर चढलो. कोड तोच, पंपाच्या सेन्सरचा. मी कोड पुसला, मशीन चालू केली, अर्धा तास गाळ उपसून पाहिला. काही नाही. झोपलेल्या मुलासारखी गप्प. सेन्सर जुना झाला असेल म्हणून माझ्याजवळचा दुसरा बसवला आणि निघालो.

आठ दिवसांनी परत तोच फोन. मी परत गेलो. तो परत सीटमागून चपला काढून उतरला, मी परत बुटांसकट वर चढलो, आणि मशीन परत गप्प. या खेपेला मी सेन्सरपासून केबिनखालच्या जोडापर्यंतची तारच बदलली. दिवस गेला. गुडघे इतके दुखत होते की मोटरसायकलला किक मारताना डोळ्यांत पाणी आलं.

या दोन खेपांच्या मधल्या काळात मालक स्वतः मशीनवर बसायला लागला होता. त्याला जेमतेम चालवता यायची, पण यायची. दोन दिवस तो बसला, सीट पुढे ओढून, पायांत बूट घालून, नाकासमोर नजर ठेवून. दोन दिवस कोड आला नाही. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर बसला आणि तासाभरात टुणटुण सुरू झाली.

मग काय, मालकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

"हा मुद्दाम पाडते मशीन," त्या दुसऱ्या खेपेलाच तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "सावलीत बसाले पाह्यजे याले. माझ्या हातात काहून नाही बंद पडत? तुमीच सांगा."

"मशीनला हात ओळखू येत नाहीत," मी म्हटलं.

"तिले नसन येत. मले येते."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. दोनदा आलो होतो आणि दोनदा मशीन माझ्यासमोर गप्प बसली होती. आपलं निदान चुकलं हे कबूल करण्यापेक्षा माणूस चोर आहे हे मानणं नेहमी सोपं असतं, आणि मी काही त्या नियमाला अपवाद नाही.

त्याच दिवशी दुपारी ऑपरेटरनं तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याखाली मला पाण्याची बाटली दिली. मालक तिथे नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, मले ठाऊक हाय तो काय म्हणून राहिला ते."

मी पाणी प्यायलो.

"पंधरा साल झाले मशीन चालवून राहिलो. कधी गडचिरोली, कधी छत्तीसगड, कधी कुठं. वर्षातून एखादा महिना घरी. घरवालीचं पाठीचं ऑपरेशन झालं तवाबी मी नव्हतो. ही पहिली मशीन हाय का संध्याकाळी सायकलनं घरी जातो, घरचं जेवतो. आता कुठं तिले बरं वाटून राहिलं. ही मशीन मी कायले पाडीन?"

त्याच्या बोलण्यात काकुळती नव्हती, म्हणून ते माझ्या मनाला जास्त लागलं. मी म्हटलं, "सापडन. मी शोधतो."

तिसऱ्या खेपेला मालकानं मला फोनवरच सांगून टाकलं: आज एक तर मशीनमधला दोष दाखवा, नाहीतर उद्यापासून हा माणूस नाही. आणि त्यानं हे फक्त मला सांगितलं नव्हतं. तलावावर पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टरवाले, गाळ न्यायला आलेले शेतकरी, सगळ्यांना माहीत होतं. काही जण काम सोडून बघायलाच थांबले होते, आखाड्यात कुस्ती बघतात तसे.

मी सकाळपासून लागलो. मीटर लावून बाहेरची एकेक तार ओढून पाहिली, वाकवून पाहिली; सीटमागचा कनेक्टर मीच साफ केलेला, तेवढा सोडून. मशीन गरम करून पाहिली. फ्यूजबॉक्स खोलला. दुपारचे दोन वाजले. मे महिना होता, केबिनचा पत्रा हात भाजत होता. मालक तीनदा येऊन विचारून गेला, "काय म्हणते?" तिसऱ्यांदा मी त्याच्यावर खेकसलो, "म्हणते, मालकाले घरी पाठवा!" लोक हसले. तोही हसला, पण गेला नाही. माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हात टेकले होते आणि हे सांगायला मालकाकडे निघालोच होतो.

मग वाटलं, तीन खेपा झाल्या, पण हा माणूस मशीन चालवत असताना मी एकदाही केबिनमध्ये नव्हतो. दर वेळी मी येतो, तो उतरतो, मी बसतो. मी त्याला हाक मारली. म्हटलं, तुम्ही बसा, रोज चालवता तशी चालवा, मी दारात उभा राहतो.

तो चिखलातून आला. पायरीवर थांबला, चपला काढल्या, दोन्ही तळ एकमेकांवर आपटून जमेल तेवढा गाळ झाडला आणि अनवाणी आत शिरला. "जरा सरका भाऊ," म्हणाला आणि माझ्या पायांजवळून हात मागे नेऊन त्या ओल्या चपला सीटमागे ठेवल्या. उंच माणूस, त्याला गुडघे मावायला जागा हवी. त्यानं खालचा दांडा ओढला आणि सीट पार मागे सरकवली.

मशीन चालू झाली. दोन बकेट निघाल्या. तिसऱ्या बकेटला मशीन डावीकडे फिरली, सीट किंचित मागे दबली आणि मॉनिटर वाजला. टुण, टुण, टुण. बकेट हवेत लटकली.

मी त्याला हातानंच थांबवलं, सीट पुढे घ्यायला लावली आणि मागे वाकलो. चपला सीट आणि कनेक्टरच्या मध्ये चेपल्या होत्या. एका चपलेची टाच थेट तारांच्या जुडग्यावर दाबलेली, आणि तिच्यातलं गाळाचं पाणी कनेक्टरात झिरपलेलं. उघड्या कनेक्टरात. झाकण नसलेल्या.

"चपला आत कायले ठेवता?" मी विचारलं. 

"मशीन हालते ना जी. खाली ठेवल्या तर गाळात जातात, दोन जोड गेले माझे." मग जरा लाजल्यासारखा हसला. "अन् घालून कसं बसू? जिथं बसून पोट भरते, तिथं चपला घालून जाववत नाही. सुरवातीपासूनची सवय हाय."

म्हणजे दर खेपेला तो माझ्यासाठी जागा करून द्यायचा तेव्हा मशीनचा आजार स्वतःच्या हातानं उचलून, पायांत घालून खाली न्यायचा. मी तीनदा बघितलं होतं. डोळ्यांदेखत. मालक बुटांसकट बसायचा, मी बुटांसकट बसायचो, आणि मशीन आम्हा दोघांच्या हाती शहाणी व्हायची. आणि हे सगळं ज्या एका झाकणानं झालंच नसतं, ते झाकण टूलबॉक्समध्ये पडलं होतं आणि त्याचे बोल्ट माझ्या डबीत होते. त्या डबीतून मी तीन खेपांत दहादा वॉशर काढले असतील.

मालक खाली येऊन उभा राहिला. "वाजली ना? मी आयकलं. काय निघालं?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. इथलं झाकण मी उघडं ठेवलं होतं, चूक माझी आहे. वाक्य अवघड नव्हतं. पण समोर दहा-बारा लोक उभे होते, चार तालुक्यांत कोड वाचणारा म्हणून माझं नाव होतं, उन्हानं डोकं फिरलं होतं आणि मला घरी जायचं होतं. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या वेळी मी कारणबिरण काही शोधलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, "चपलेनं कनेक्टर दबत होता. ओली चपल होती, पाणी गेलं."

एक शब्दही खोटा नव्हता.

मालक आधी बघत राहिला, मग असा हसला की त्याला मांड्यांवर हात टेकावे लागले. "चपल! चपलेनं माझी मशीन पाडली! आयकलं का गा?" ट्रॅक्टरवाले हसले. शेतकरी हसले. कोणीतरी म्हणालं, चपलेलेच ऑपरेटर ठेवा. मला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं, माणूस वाचला. पण मालकाचं हसणं ओसरलं आणि त्याला आठवलं की आपण इतके दिवस या माणसाला कामचोर म्हणत होतो. आता माघार कशी घ्यायची? "कामचोर नाही, पण अडाणी निघाला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "चपल कुठं ठेवाची एवढी अक्कल नाही, त्याच्या हाती मशीन कायले द्यावी मी?"

ऑपरेटर दारात उभा होता, अनवाणी. त्यानं मालकाकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मालक पाळीकडे गेला. मी कनेक्टर सोडवला, पुसला, स्प्रे मारला, वाळू दिला, बसवला. टूलबॉक्समधून झाकण आणलं. डबीतून बोल्ट काढले. सीटमागे अंधार असतो. तेवढ्यात उजेड पडला. त्यानं माझ्या पिशवीतली टॉर्च घेऊन धरली होती, पहिल्या दिवसासारखीच, बरोबर माझ्या हातावर. मी पहिला बोल्ट आवळला. दुसरा आवळला.  टॉर्च विझवून त्यानं माझ्या हातात दिली, चपला उचलल्या आणि त्या हातात घेऊनच खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर साकोलीकडचा ऑपरेटर होता.

त्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा बंद पडली नाही. मालक भेटेल त्याला सांगायचा, मिस्त्री असावा तर असा, चपलेतून फॉल्ट काढला. लाखांदूरच्या एका चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसानं मलाच ती गोष्ट रंगवून सांगितली. तोवर तिच्यात चपलांचे दोन जोड आणि एक बेडूक शिरला होता. शेवटी म्हणाला, "आमच्या इकडं त्या ऑपरेटरले चपलावालाच म्हणतात. कोनी मशीन नाही देत त्याले." मी हसलो. म्हणजे तोंड हसलं. चहा तसाच ठेवून उठलो आणि वाटेत एका मोरीवर मोटरसायकल थांबवून बराच वेळ बसलो. मला माझी लाज वाटत होती, आणि दिघोरीला जाऊन चार लोकांत खरं सांगावं असंही वाटत होतं. गेलो नाही. मग धानाची रोवणी आली, मग दिवाळी आली, आणि न गेलेल्या दिवसांची रास इतकी वाढली की तिच्यावर चढून जाणं जमेना.

तेव्हापासून मी झाकण उघडं ठेवत नाही. लोक म्हणतात, मिस्त्री फार काटेकोर. मी ऐकून घेतो.

पाच-सहा वर्षांनी तुमसरच्या पुढे, बपेऱ्याहून फोन आला. रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या जुन्या पोकलेनला कोड येत होता. मी आता चाळिशी ओलांडली होती, चष्मा लागला होता, मोटरसायकलवर कंबरेला पट्टा बांधून बसत होतो. पोहोचलो तेव्हा मशीन थांबली. दारातून मान तिरकी करून एक माणूस डोकावला आणि मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो.

केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, "या भाऊ. तुमीच येसान वाटलंच होतं. इकडं दुसरा कोन हाय कोड वाचणारा?"

मी चढलो. कंपनी वेगळी, मॉनिटर वेगळा, कोड वेगळा, साधा बॅटरीचा. पाच मिनिटांत कळलं. पण मी उठलो नाही. तो पलीकडे, मध्य प्रदेशात बालाघाटच्या बाजूला होता इतकी वर्षं, असं त्यानं सांगितलं. तिकडे कोणी ओळखत नव्हतं. घरी सणासुदीला. मी बायकोचं विचारलं. म्हणाला, पाठ आता वाकूनच राहिली, तिची बहीण येऊन-जाऊन करते.

त्याच्या पायांत काळे बूट होते, चिखलानं भरलेले. केबिनची रबराची चटईही चिखलानं भरलेली. मी त्या बुटांकडे बघत होतो हे त्यानं बघितलं.

मी सीटमागे वाकलो. झाकण जागेवर होतं, दोन्ही बोल्ट आवळलेले, त्यांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे.

"रोज पाहतो मी ते," तो म्हणाला.

"त्या दिवशी," मी म्हटलं आणि थांबलो. इतक्या वर्षांत ते वाक्य मी मोटरसायकलवर शेकडो वेळा म्हटलं होतं. "त्या दिवशी चपलेचा दोष नव्हता. झाकण मी उघडं ठेवलं होतं."

"मले ठाऊक हाय ना भाऊ. टॉर्च मीच धरली होती."

"मग तुम्ही काहून नाही बोललात? तिथंच, सगळ्यांसमोर?"

त्यानं बुटाच्या टाचेनं चटईवरचा चिखल जरा बाजूला सारला. "तुमी सांगान म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला.

मग तो उठला, मला बॅटरीपर्यंत जायला वाट करून दिली आणि तसाच पायऱ्या उतरून गेला. सीटमागे हात घालून घ्यायचं असं त्याचं तिथे आता काही नव्हतं.